मुलीच्या एपिलेप्सीला साठ वर्षांपूर्वीचं औषध का देतात?

सात वर्षांच्या मुलीच्या आईचा प्रश्न आहे. मुलगी बोलता बोलता मध्येच गप्प होते, पाच-दहा सेकंद नुसती बघत राहते आणि मग जिथे थांबली होती तिथून परत सुरू, शाळेतल्या बाईंना वर्षभर वाटत होतं की हिचं लक्षच नसतं. शेवटी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, झाला, निदान आलं चाइल्डहूड अ‍ॅबसन्स एपिलेप्सी, आणि डॉक्टरांनी इथोसक्झिमाइड नावाचं सिरप लिहून दिलं. आईने शोधलं तर कळलं की हे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं. आता त्या विचारतायत की एवढं संशोधन चाललंय, गांजातलं सीबीडी आलं, कीटो डाएट आहे, जीन थेरपीच्या बातम्या येतात, मग माझ्या मुलीला आजोबांच्या जमान्यातलं औषध का, आणि यातलं नवीन काही आम्ही मागून घ्यावं का?

ताई, मी बावीस वर्षं लहान मुलांच्याच फिट्स बघतेय आणि हा प्रश्न मला जवळपास दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तुमच्या मुलीला जे औषध दिलंय ते तिच्या प्रकारच्या एपिलेप्सीत आज पहिल्या पसंतीचं औषध आहे, आणि ते जुन्या सवयीने दिलेलं नाही, २०१० साली व्यवस्थित ट्रायल करून ते इतरांपेक्षा सरस ठरलंय. आणि तुम्ही ज्या ज्या नव्या गोष्टी वाचल्यात त्या सगळ्या खऱ्या आहेत, फक्त त्या वेगळ्या मुलांसाठी आहेत. एपिलेप्सी हा एक आजार नाहीच हो, ताप म्हणतो ना आपण, तसं ते वरवरचं नाव आहे, मागची कारणं पन्नास. त्यामुळे संशोधनाची कुठलीही बातमी वाचली की पहिला प्रश्न एकच विचारायचा, कुठल्या एपिलेप्सीत?

तुमच्या मुलीच्या प्रकारापासूनच सुरू करते. हे निदान ओपीडीत कसं होतं ते सांगते, कदाचित तुम्ही तिच्यासोबत असताना बघितलंही असेल. मी टेबलाच्या खणात कागदाचं भिरभिरं ठेवते. मुलाला समोर बसवायचं आणि सांगायचं, फुंकर मार, थांबू नको, फिरत राहिलं पाहिजे. पहिलं मिनिट मजेत जातं. दुसऱ्या मिनिटाला कधीतरी भिरभिरं मंद होतं आणि थांबतं. हात तसाच, तोंडाचा चंबू तसाच, डोळे उघडे पण समोर कोणी नाही, पापण्या बारीक फडफडतात, मी हळूच म्हणते ‘निळा पोपट’, उत्तर नाही. सात-आठ सेकंद. मग भिरभिरं पुन्हा फिरायला लागतं, जसं काही झालंच नाही, आणि मी विचारलं की मी कुठला पक्षी म्हणाले, तर मूल म्हणतं कुठला पक्षी? आईबाप शेजारी बसलेले असतात आणि त्या आठ सेकंदांत त्यांना कळतं की हे दुर्लक्ष नव्हतं. कितीतरी आया तिथेच रडतात, कारण वर्षभर त्या मुलाला रागावलेल्या असतात. औषध सुरू नसलेल्या दहातल्या साधारण नऊ मुलांमध्ये अशा जोरजोरात घेतलेल्या श्वासांनी अ‍ॅबसन्स, म्हणजे असा हरवण्याचा झटका, येतो, त्यामुळे ही साधी टेस्ट फार मोलाची आहे, आणि पुढे औषध लागू पडलं का हे बघायलाही तीच कामाला येते, त्यावर शेवटी येते.

त्या आठ सेकंदांत मेंदूत काय होतं, तर आत खोलवर असलेला थॅलॅमस आणि वरचा मेंदूचा पापुद्रा यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते, झोपेत ती एका तालात जाते. अ‍ॅबसन्समध्ये जागेपणीच हा संवाद एका ठराविक ठेक्यात अडकतो, ईईजीवर दर सेकंदाला तीन या वेगाने टोकदार लाट आणि गोल लाट, टोकदार आणि गोल, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकदा बघितलं की विसरत नाही असं चित्र. थॅलॅमसच्या पेशींवर टी टाइप कॅल्शियम चॅनल नावाची दारं असतात, ती हा ठेका धरायला मदत करतात. इथोसक्झिमाइड नेमकी तीच दारं आवळतं. म्हणजे साठ वर्षांपूर्वी हे औषध लागू पडतं हे आधी कळलं, का ते बऱ्याच नंतर उलगडलं.

आता ती २०१० ची ट्रायल. अमेरिकेत सरकारी पैशाने झाली, आणि हे मुद्दाम सांगतेय, कारण जुनी औषधं एकमेकांशी लावून बघण्यात कुठल्याच कंपनीला फायदा नसतो, असली कामं सार्वजनिक पैशानेच होतात. नुकतंच अ‍ॅबसन्स एपिलेप्सीचं निदान झालेली ४५३ मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली, एका गटाला इथोसक्झिमाइड, एकाला व्हॅल्प्रोएट, एकाला लॅमोट्रिजिन, आणि कोणाला काय मिळतंय हे ना डॉक्टरांना माहीत ना आईबापांना. सोळा आठवड्यांनी हिशोब केला की झटके थांबलेत आणि औषधही सोसतंय अशी मुलं किती. इथोसक्झिमाइडमध्ये ५३ टक्के, व्हॅल्प्रोएटमध्ये ५८ टक्के, म्हणजे दोघं जवळपास सारखेच, आणि लॅमोट्रिजिनमध्ये फक्त २९ टक्के. तिघांत लॅमोट्रिजिनच सगळ्यात नवीन होतं, आणि सौम्य औषध म्हणून तेव्हा बरेच डॉक्टर तेच आधी द्यायचे. मीही द्यायचे. त्या निकालानंतर देणं बदललं.

पण मला त्या ट्रायलमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही नाहीये. त्यांनी नुसत्या फिट्स मोजल्या नाहीत, मुलांचं लक्ष मोजलं. कॉम्प्युटरसमोर बसवून एक कंटाळवाणा खेळ, अक्षरं येत राहतात आणि एक अक्षर सोडून बाकी प्रत्येकाला बटण दाबायचं, त्यात कोण किती टिकतं ते बघितलं. सोळा आठवड्यांनी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांमध्ये लक्षाचा प्रॉब्लेम दिसला, इथोसक्झिमाइडमध्ये ३३ टक्के. झटके थांबवण्यात दोघं सारखे पण वर्गात बसून शिकण्याच्या बाबतीत एक सरस, म्हणून इथोसक्झिमाइड पहिलं. आणि अजून एक, लक्षाचा त्रास या मुलांपैकी तीनातल्या एकाला औषध सुरू करायच्या आधीपासूनच होता, म्हणजे ही एपिलेप्सी फक्त त्या दहा सेकंदांपुरती नसते, झटक्यांच्या मधल्या वेळातही लक्षाला थोडा धक्का असतो. झटके थांबले तरी अभ्यासात गाडी अडकत असेल तर तिला आळशी म्हणू नका आणि सगळं औषधावरही ढकलू नका, लक्षाची वेगळी तपासणी मागा. बरेच डॉक्टर हे आपणहून विचारत नाहीत, ओपीडीत वेळ नसतो हे खरं पण ही आमची कमतरताच आहे.

मुलगी आहे म्हणून व्हॅल्प्रोएटबद्दल आणखी दोन वाक्यं. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट पोटात गेलं तर शंभरातल्या साधारण दहा बाळांना जन्मजात मोठा दोष असतो आणि तीस-चाळीस बाळांना वाढीचे, बोलण्याचे, बुद्धीचे प्रश्न येऊ शकतात. सात वर्षांच्या पोरीच्या बाबतीत हा विचार आत्ता कशाला असं वाटेल, पण औषधं वर्षानुवर्षं चालतात, मुलगी कधी पंधराची होते कळत नाही आणि ‘चाललंय ना व्यवस्थित, कशाला बदलायचं’ असं सगळ्यांचंच होतं. कधी ते औषध द्यायची वेळ आलीच, आणि काही मुलींना येते, तर ते कधीपर्यंत द्यायचं हे सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

इथोसक्झिमाइडच्या बाजूने बोलतेय म्हणून त्याचं उणंही सांगायला पाहिजे. पोट बिघडतं, मळमळ, पोटदुखी, कोणाकोणाला उचक्या लागतात, जेवणानंतर दिलं आणि डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकांना जमतं. क्वचित रक्तातल्या पेशी कमी होतात, म्हणून औषध चालू असताना ताप, घसा खूप दुखणं, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग असं काही दिसलं तर वाट न बघता दाखवायचं. आणि महत्त्वाचं, हे औषध मोठ्या झटक्यांना, म्हणजे अंग कडक होऊन हातपाय आखडतात त्यांना, उपयोगी नाही. त्यामुळे तुमच्या मुलीला असा झटका एकदाही आलेला असेल आणि तो तुम्ही डॉक्टरांना सांगायचा राहून गेला असेल, तर आजच फोन करून सांगा, औषधाची निवड त्याने बदलते.

चुकीच्या औषधाचं काय होतं तेही मी बघितलंय, आणि ते माझ्याच हातून झालंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा आला, आईने सांगितलं टक लावून बघतो, ओठ चघळल्यासारखं करतो. मी ते फोकल झटके समजले, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणारे, कारण त्यातही मूल टक लावतं आणि तोंड हलवतं. भिरभिरं फुंकायला दिलं नाही, ईईजीची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, तोवर कार्बामेझेपिन सुरू केलं. ते फोकल झटक्यांचं उत्तम औषध आहे. दहा दिवसांनी आई परत आली, म्हणाली दिवसाला दहा-बारा यायचे ते आता मोजता येत नाहीत, ताटावर बसला की घास तोंडापर्यंत जाईपर्यंत दोनदा हरवतो. तो अ‍ॅबसन्स होता, आणि कार्बामेझेपिनने अ‍ॅबसन्स भडकतात हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. औषध बदललं, तो महिन्याभरात सुधारला, पण त्या आईचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. म्हणून सांगते, फोनवर काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. मूल पूर्ण दिसेल असा धरा, चेहरा आणि दोन्ही हात, आणि झटका संपल्यावरही पंधरा-वीस सेकंद चालू ठेवा, कारण पुढचं मागचं विसरून लगेच भानावर येतं की गोंधळलेलं राहतं यावरूनच आम्हाला बरंच कळतं.

एकच औषध एका मुलाला अमृत आणि दुसऱ्याला त्रास, याचं अजून ठळक उदाहरण म्हणजे व्हिगाबॅट्रिन. तुमच्या मुलीला दिलं तर तिचे अ‍ॅबसन्स वाढतील. पण इन्फंटाइल स्पाझम नावाचा जो प्रकार आहे, बाळं तीन ते बारा महिन्यांची असतात, त्यात ते मुख्य औषधांपैकी एक, आणि त्वचेवर पांढरे चट्टे असलेल्या ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या बाळांना तर पहिलं. इन्फंटाइल स्पाझम हा आजार विल्यम वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १८४१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून पहिल्यांदा जगाला सांगितला, आणि ज्या बाळाबद्दल लिहिलं तो त्याचा स्वतःचा मुलगा होता. बाळ मान पुढे झुकवतं, सलाम केल्यासारखं, असं त्याने लिहिलंय आणि कोणाला काही सुचत असेल तर कळवा अशी विनंती. मी शिकवताना ते पत्र विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते. आज त्यावर उपचार आहेत, एसीटीएच किंवा स्टेरॉइड ही हार्मोनची औषधं, आणि व्हिगाबॅट्रिन. २०१७ ला ३७७ बाळांची एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली, नुसत्या हार्मोनवर ५७ टक्के बाळांचे झटके दोन आठवड्यांत थांबले आणि पुढचा महिनाभर आले नाहीत, हार्मोन आणि व्हिगाबॅट्रिन दोन्ही एकत्र दिल्यावर ७२ टक्के. पण दीड वर्षाच्या वयाला बाळांची वाढ मोजली तर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. निराश करणारं आहे, पण तेही सांगायला पाहिजे, झटके लवकर थांबले म्हणजे बुद्धी वाचलीच असं सरळ गणित अजून तरी सिद्ध व्हायचंय. तरीही यात उशीर परवडत नाही यावर आमच्यात दुमत नाही. हे तुमच्या मुलीशी संबंधित नाही हे मला कळतंय ताई, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी तान्हं बाळ असेल आणि ते झोपेतून उठल्या उठल्या ओळीने दचकल्यासारखं करत असेल, हात उघडून मान खाली, काही सेकंद थांबून परत, परत, तर पोटात दुखत असेल म्हणून आठवडा घालवू नका. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा.

आता सीबीडी. २०१७ साली ड्रॅव्हे सिंड्रोम असलेल्या १२० मुलांवर आणि तरुणांवर ट्रायल झाली. ड्रॅव्हे म्हणजे पहिल्या वर्षात तापात लांबलचक फिट येऊन सुरू होणारा, औषधांना दाद न देणारा फार कठीण प्रकार. शुद्ध केलेलं सीबीडी दिल्यावर मोठे झटके महिन्याला साधारण १२ वरून ६ वर आले, खोटं औषध मिळालेल्या गटात साधारण १५ वरून १४. चांगला निकाल आहे, त्या घरांसाठी महिन्याला सहा झटके कमी म्हणजे किती ते तेच जाणतात. पण याच ट्रायलमधला दुसरा आकडा बघा, झटके निम्म्याने किंवा त्याहून कमी झाले अशी मुलं सीबीडीच्या गटात ४३ टक्के, आणि नुसतं तेल, म्हणजे ते खोटं औषध, मिळालेल्या गटात २७ टक्के! म्हणजे नवं कुठलंच औषध नसताना चारातलं एक मूल निम्म्याने सुधारलं. हे असं का होतं, तर झटके आपोआप वरखाली होतच असतात आणि आईबाप ट्रायलमध्ये, किंवा नव्या उपचाराकडे, सगळ्यात वाईट महिन्यात येतात, त्यानंतरचा महिना तसाही थोडा बरा असतो. शिवाय आशेने बघणाऱ्याची मोजणीही बदलते. म्हणून ‘आमच्या ओळखीतल्या मुलाला अमुक तेलाने फरक पडला’ हे ऐकलं की मी त्या आईवर अविश्वास दाखवत नाही, फरक तिने खरंच बघितलेला असतो, पण तो तेलाने पडला हे त्यावरून ठरत नाही. सीबीडीचा पुरावा ड्रॅव्हे, लेनॉक्स गॅस्टो हा तसाच दुसरा कठीण प्रकार, आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस या तीन ठिकाणी आहे. अ‍ॅबसन्स एपिलेप्सीत नाही. आणि बाटलीवर सीबीडी लिहिलेलं कुठलंही तेल म्हणजे ते औषध नव्हे, आत किती आहे याचा भरवसा नसतो, शिवाय क्लोबाझाम या फिट्सच्या औषधाबरोबर दिलं तर गुंगी वाढते आणि व्हॅल्प्रोएटबरोबर लिव्हरवर ताण येतो, त्यामुळे डॉक्टरांना न सांगता तर अजिबातच सुरू करायचं नाही.

ड्रॅव्हेचा विषय निघालाच आहे तर जीनबद्दल. २००१ साली कळलं की या मुलांमध्ये एससीएन१ए नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, बहुतेकदा आईबापांत नसलेला, मुलात नव्याने झालेला. या एका शोधाने दोन गोष्टी झाल्या. एक, सोडियम चॅनलवर, म्हणजे पेशींवरच्या सोडियमच्या दारांवर, काम करणारी औषधं, परत तेच कार्बामेझेपिन आणि लॅमोट्रिजिनसुद्धा, या मुलांना का बाधतात ते उलगडलं, कारण तो जीनच सोडियम चॅनलचा आहे. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. काही मुलांना लस दिल्यावर पहिली फिट आली होती आणि लसीने मेंदू खराब झाला असं निदान कागदावर होतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने अशी १४ मुलं-माणसं तपासली, त्यातल्या ११ जणांमध्ये हाच जीन बिघडलेला निघाला. लसीनंतरचा ताप फक्त निमित्त होता, आजार जन्मापासून होता. इतकी वर्षं ज्या आया म्हणत होत्या की मीच नेलं होतं ना लस द्यायला, त्यांच्या डोक्यावरचं ओझं एका रक्ताच्या तपासणीने उतरलं. संशोधन म्हणजे फक्त नवीन गोळी असं नसतं.

जीनवरच्या उपचारांच्या ज्या बातम्या तुम्ही वाचल्यात त्या बऱ्याचशा याच आजाराच्या आहेत. जीनची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी चांगली असते, तर त्या चांगल्या प्रतीकडून जास्त काम करून घ्यायचं अशी औषधं पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडून ट्रायल्स चालू आहेत, आम्ही सगळे डोळे लावून बसलोय. जुन्या औषधांतूनही नवीन वाट निघते हेही इथेच दिसलं, फेनफ्लुरामिन हे वजन कमी करायचं औषध १९९७ ला हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून बाजारातून काढलं होतं, तेच कमी डोसमध्ये आणि हृदयाच्या नियमित सोनोग्राफीसह २०२० मध्ये ड्रॅव्हेसाठी मंजूर झालं. पण तुमच्या मुलीच्या अ‍ॅबसन्समध्ये असा एक बिघडलेला जीन सहसा सापडत नाही, अनेक जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो, त्यामुळे दुरुस्त करायला एक जागाच नाही. आणि खरं सांगू का, निम्म्याहून जास्त मुलांमध्ये ही एपिलेप्सी मोठं होताना आपोआप निघून जाते, अशा आजारात कण्यात सुई घालायचा विचार कोणी करणार नाही.

कीटो डाएटला मी कमी लेखत नाही. १९२१ पासून आहे, उपाशीपोटी फिट्स कमी होतात हे जुनं निरीक्षण होतं, शरीराला साखरेऐवजी चरबी जाळायला लावली तर तोच परिणाम मिळेल का या कल्पनेतून निघालं. पुढे औषधं आली आणि मागे पडलं, पण २००८ ला लंडनमध्ये औषधांना न जुमानणाऱ्या १४५ मुलांवर रीतसर ट्रायल झाली आणि तीन महिन्यांनी डाएटवरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, डाएट न दिलेल्यांत ६ टक्के. पण ते घरच्या घरी करायचं पथ्य नाही, मोजूनमापून, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मुतखडा, कोलेस्टेरॉल, वाढ यावर लक्ष ठेवून करायची ट्रीटमेंट आहे. आणि एका आजारात तर तेच पहिलं औषध आहे, ग्लूट१ नावाचा, ज्यात साखर रक्तातून मेंदूत नेणारं वाहनच कमी पडतं. अ‍ॅबसन्स चार वर्षांच्या आतच सुरू झाले असतील तर आम्ही हा आजार शोधतो. तुमच्या मुलीचे सहाव्या वर्षी सुरू झाले असं तुम्ही लिहिलंय म्हणून ती शक्यता कमी, पण आठवून बघा, त्याआधीही ती अशी हरवायची का? जुने घरचे व्हिडिओ चाळा. चारच्या आधीचं काही सापडलं तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

सर्जरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत आणि तुमच्या मुलीला ती लागू नाही, कारण तिचे झटके एका जागेवरून निघत नाहीत. पण ज्यांच्या मुलांना एकाच जागेवरून निघणारे झटके आहेत आणि औषधांना दाद देत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मुलांच्या एपिलेप्सी सर्जरीवरची अतिशय महत्त्वाची ट्रायल दिल्लीच्या एम्समधली आहे, २०१७, ११६ मुलं. वर्षभराने सर्जरी झालेल्यांतली ७७ टक्के झटक्यांपासून मोकळी, नुसत्या औषधांवरची ७ टक्के. सर्जरीच्या गटात तिघांतल्या एकाला गंभीर दुष्परिणामही झाले, त्यातले बरेच, जसं एका बाजूची ताकद कमी होणं, ऑपरेशनच्या जागेमुळे आधीच अपेक्षित होते, तरी ते सोपं नाही आणि ते वजा करून बोलू नये. पण मला दुःख याचं होतं की अशी मुलं आठ-आठ वर्षं औषधांवर औषधं बदलून मग येतात. नीट निवडलेली आणि पुरेशा डोसमध्ये दिलेली दोन औषधं निकामी ठरली की त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणायचं अशी व्याख्या २०१० पासून आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या औषधाने पूर्ण थांबण्याची शक्यता फार थोडी उरते. त्या टप्प्यावर मोठ्या एपिलेप्सी सेंटरला एकदा दाखवून घ्यायचा आग्रह आईबापांनीच धरावा.

परत तुमच्या मुलीकडे. चार-पाच महिने द्या, त्या ट्रायलमध्येही डोस टप्प्याटप्प्याने वाढवूनच सोळा ते वीस आठवड्यांना निकाल बघितला होता. पंधरा दिवसांत ‘अजून येतायत’ म्हणून घाबरून दुसरीकडे जाऊ नका. मग ‘आता घरी दिसत नाहीत’ एवढ्यावर थांबू नका, कारण तीन-चार सेकंदांचे अ‍ॅबसन्स घरात कोणाच्या लक्षात येत नाहीत, जोरात श्वास घ्यायला लावून ईईजी परत करा असं स्वतः म्हणा. येत असतील आणि डोस पुरेसा झाला असेल तर मग व्हॅल्प्रोएट, त्याने नाही भागलं तर लॅमोट्रिजिन किंवा यांतल्या दोन औषधांचं मिश्रण, असे रस्ते आहेत, आणि सोळा आठवड्यांत औषध लागू न पडलेल्या किंवा न सोसलेल्या त्या ४७ टक्क्यांतली मुलंही पुढे बरीचशी सावरतात. डोस चुकवायचा नाही, अचानक बंद तर कधीच नाही.

ईईजी साफ होईपर्यंत पाण्याजवळ कायम कोणीतरी हाताच्या अंतरावर हवं, बादलीभर पाण्याच्या आंघोळीलाही दार आतून लावायचं नाही, आणि सायकल रहदारीत नाही. बाकी खेळणं, पळणं, सहल सगळं चालू. कधी अंग कडक होऊन मोठा झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबला नाही तर नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे आणि हॉस्पिटल. अ‍ॅबसन्सच्या मुलांत हे कमी घडतं पण स्प्रे घरात असावा का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि एकही झटका नाही, ईईजी स्वच्छ, असं दोन वर्षं राहिलं की औषध हळूहळू कमी करून बंद करायचा विषय तुम्हीच काढा.

शाळेतल्या बाईंना भेटा. त्यांना म्हणा की ती हरवली तर हाक मारून दटावू नका, फक्त परत आल्यावर गेलेलं वाक्य एकदा पुन्हा सांगा, आणि शक्य असेल तर वहीच्या मागच्या पानावर दिवसाला किती वेळा दिसलं त्याच्या रेघा ओढा. वर्गात बाई सलग पाच-सहा तास तिच्यासमोर असतात, औषध लागू पडतंय की नाही हे त्या रेघांवरून मला ईईजीच्याही आधी कळतं.